बेदाण्यातला ‘बे’ नेमका कुठला?

तासगावचा दिवाणजी · मंगळवार, रात्री ९:५०

मंडळी, मी तासगावात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हंगामात दिवसाला शंभरदा ‘बेदाणा’ लिहितो. पट्टीवर, चोपडीत, गाडीच्या चिठ्ठीवर. इतक्या वर्षांत त्या शब्दाकडे कधी वळून बघितलं नव्हतं. परवा लेकीनं बघायला लावलं.

पोरगी तिसरीला आहे. शाळेत ‘दोन एके दोन’ चालतं, पण घरी आमचे अण्णा तिच्याकडून ‘बे एके बे’च घोकून घेतात. शाळा सुटली की ती दुकानात येऊन बसते. सौदा होऊन गेला होता, नमुन्याच्या ताटल्या अजून तशाच होत्या. तिनं एक लांबडा हिरवा दाणा उचलला, अंगठ्याच्या नखानं मधोमध चिरला, दोन्ही फाका उलट्या करून बघितल्या. मग दुसरा चिरला, मग तिसरा. म्हटलं, अगं काय चाललंय? तर म्हणते, “बाबा, यात बे दाणे कुठं आहेत?”

शेठ हसले, चहा प्यायला बसलेले दोन व्यापारी हसले. मी शहाणपणानं सांगितलं, इथं ‘बे’ म्हणजे ‘नाही’. बे-दाणा, म्हणजे बी नसलेला. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग बे एके बे म्हणजे नाही एके नाही?”

आता सांगा. दोन म्हणजेही बे आणि नाही म्हणजेही बे, हे एका जिभेवर बसलं कसं? जाणकारांनी लिहा. मस्करी करणाऱ्यांनी बी लिहा.

जवारी (मिरज) · मंगळवार, रात्री १०:२५

दिवाणजी, तुमचा ‘नाही’वाला बे फारसी. अर्थ ‘शिवाय, विना’. बेकार, बेइमान, बेवारस, बेफिकीर, बेकायदा ही सगळी त्याचीच पोरं. बेदाणा हा अख्खा शब्दच तिकडून आला, कारण सुका मेवा तिकडून यायचा. दाणा म्हणजे बी, बेदाना म्हणजे बिनबियांचा.

गंमत अशी की या बेनं आपल्याकडे येऊन संस्कृत घराण्यातल्या शब्दांशीही सोयरीक केली. बेसूर घ्या. सूर संस्कृत स्वरातून आलेला, बे फारसी. बेताल, बेचव, बेशुद्ध तसेच. आमच्या गल्लीत तानपुरे होतात. गिऱ्हाईक येतं, तार छेडतं आणि म्हणतं, “उस्ताद, बेसूर वाटतोय.” आमचे वालीद तो शब्द दुकानात चालू देत नसत. घोडीवर दोरा जरा पुढं-मागं सरकवायचे, तार परत छेडायचे, म्हणायचे, “बेसूर नाही, जवारी बसली नव्हती.” (जवारी म्हणजे तार घोडीला घासून निघणारा तो झणकारता नाद.) वाद्य बेसूर नसतं, वाजवणारा असतो, असं त्यांचं मत.

आजच्या इराणात हा बे उरलेला नाही, तिथं ‘बी’ म्हणतात. बेकारला बीकार. जुना उच्चार आपण जपून ठेवलाय.

ऊसकरी (वाळवा) · मंगळवार, रात्री १०:४०

तिसरा बे इसरला की राव तुमी. आमच्याकडं बे म्हंजे बीच! उसाचं बेणं. बी, बियाणं, बेणं, समदं बीजातनं आलंय. म्हंजे बघा, तासगावात बे म्हटलं की बी न्हाई, आन् किस्ना वलांडून आमच्याकडं आलं की बे म्हंजे नुसतं बी.

शिवाय आमी लागण करतो ती दोन डोळ्यांची टिपरी तोडून. बे डोळ्यांचं बेणं. पोरीला सांगा, तुजं बी खरं हाय.

घाटमाथा · मंगळवार, रात्री १०:४८

आणि ‘ए बेण्या’ राहिलंच 😄 साताऱ्यात हे ऐकल्याशिवाय दोस्ती पक्की होत नाही.

ऊसकरी (वाळवा) · मंगळवार, रात्री १०:५५

त्ये बी त्याच बेण्याचं. “लई बेणं हाय ते” म्हंजे बी कसल्या वाणाचं हाय ते कळलं आमास्नी. रागानं म्हटलं तर शिवी, पाटीवर थाप मारून म्हटलं तर लाड.

संस्कृतप्रेमी · मंगळवार, रात्री ११:१०

उगाच फारसीला श्रेय देऊ नका. हा सरळ संस्कृत ‘वि’ उपसर्ग आहे. विफल, विधवा, विरस, तसंच विदाणा, त्याचा अपभ्रंश बेदाणा. व-ब बदलतोच.

वाईच्या बाई · बुधवार, सकाळी ७:१५

रात्री लवकर झोपते, म्हणून आत्ता लिहिते. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत गेली, त्यामुळे आधी लेकीचं कौतुक. तिनं दाणे चिरून बघितले, ही शिकण्याची खरी रीत. माझ्या हाताखालून गेलेल्या किती पोरांनी ‘बे एके बे’ घोकलं, पण हा ‘बे’ कोण म्हणून एकानं विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला सांगितलं नाही.

संस्कृतप्रेमी, ‘वि’ मराठीत ‘वि’च राहिला हो. विफलचं बेफल झालं नाही, विधवेची बेधवा झाली नाही. आणि ‘विदाणा’ असा शब्द कुणी लिहिलेला दाखवा, मग बोलू. फारसीतल्या बेचं मागचं रूपही माहीत आहे. इस्लामपूर्व काळातल्या पहलवी भाषेत ते ‘अबे’ होतं, अर्थ तोच, ‘शिवाय’. विनाचा आपला खरा वारस आहे ‘बिन’. बिनधास्त, बिनतोड, बिनपाण्याची. (जुन्या कागदांत ‘अमका बिन तमका पाटील’ असं येतं, तो बिन मात्र अरबी, मुलगा या अर्थाचा. नाहीतर कुणी म्हणायचं, अमका बापाशिवायचा.)

आता पाढ्यातला बे. हा अस्सल आपला. संस्कृतात द्वि, द्वे. त्यातलं ‘द्व’ हे जोडाक्षर पुढच्या लोकांच्या जिभेला जड झालं, तेव्हा दोन वाटा फुटल्या. एका वाटेनं द ठेवला: दोन, दुसरा, दुप्पट, दुहेरी, दुणे. दुसऱ्या वाटेनं द टाकला आणि व चा ब केला: बे, बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. मुलीकडून हे आकडे ओळीनं म्हणवून घ्या, प्रत्येकाच्या तोंडाशी ब सापडेल. तो ब म्हणजे दोन.

आणि आता ‘बे दुणे चार’ म्हणून बघा. बे पण द्वि आणि दुणे पण द्विगुण. ताटातूट झालेले दोन भाऊ पाढ्याच्या दुसऱ्याच ओळीत एकमेकांना भेटतात. वर्गात हे सांगायचं राहून गेलं याची आता चुटपुट लागते.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावीसच्या जोडीला ‘वीस दोन’ आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. माझं मत विचाराल तर पोरांना ‘वीस दोन’ सोपं जातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. जोडाक्षरी आकड्यांना अडखळून रडणारी पोरं मी बघितली आहेत. पण बावीसमधला ब गेला की हा भाऊही गेला. दोन्ही खरं आहे.

हडपसर_ते_हिडलबर्ग · बुधवार, सकाळी ११:३०

बाई, जोडाक्षराचं हे लॅटिनमध्येही झालंय! तिथं जुना शब्द ‘दुइस’, म्हणजे दोनदा. द गळला, त्याचा झाला ‘बिस’. आपल्याकडे जे घडलं तेच, एकमेकांना न विचारता. त्या ‘बिस’चं बिस्किट: बिस अधिक कोक्तुस, दोनदा भाजलेलं. म्हणजे चहात बुडवतो ते ‘बे’स्किट.

घाटमाथा · बुधवार, सकाळी ११:४१

आमचे आजोबा सायकलला बायशिकल म्हणायचे. त्यातला बाय पण हाच का मग? दोन चाकं म्हणून?

हडपसर_ते_हिडलबर्ग · बुधवार, सकाळी ११:५०

हाच.

नवसारीकर · बुधवार, दुपारी १:०५

मूळचा सांगलीचा, पोटासाठी गुजरातेत. इथं तुमचा पाढ्यातला बे रोज बाजारात हिंडतो. “बे किलो आपो.” दुसरा म्हणजे बीजो. पहिल्यांदा आलो तेव्हा वाटलं, हे लोक भाजी घेताना पाढे का म्हणतात. आपण बेला पाढ्यात कोंडून ठेवलंय, त्यांनी मोकळा सोडलाय.

वऱ्हाडी जावई · बुधवार, दुपारी २:२०

काय बे, एवढा धागा झाला आणि आमच्या बेला कोणी विचारलंच नाही?

मी नागपूरचा, सासर सांगलीचं. लग्नानंतर पहिल्यांदा आलो तेव्हा मेव्हण्याला सहज म्हटलं, “चाल ना बे, चहा पिऊन येऊ.” तो थबकलाच. संध्याकाळी बायकोनं बाजूला घेऊन समजावलं, इथं रं म्हणा, लेका म्हणा, पण बे म्हणू नका, आमच्या माणसांना तो हिंदी पिक्चरमधला ‘अबे’ वाटतो. आता तुम्हीच सांगा. नागपुरात ज्याला बे म्हणत नाही तो दोस्तच नाही. मोठ्यांना नाही म्हणत, बायकांना नाही म्हणत, फक्त बरोबरीच्या पोरांना. हिशोब एकदम पक्का आहे.

बाई, तुम्ही लिहिलं की पहलवीत ‘अबे’ म्हणजे ‘शिवाय’. मग आम्ही अबे म्हणून हाक मारली की मित्र येतो का जातो बे?

वाईच्या बाई · बुधवार, दुपारी ३:००

जावईबापू, त्या अबेचा नि तुमच्या अबेचा काही संबंध नाही. नुसता आवाज सारखा. मित्र येऊ दे.

उमदीकडचा (जत) · बुधवार, रात्री ८:३५

आता माझी पाळी. आमच्या घरात कन्नड, शाळेत मराठी. जतच्या पूर्वेला गावंच्या गावं अशी आहेत.

आमच्याकडच्या कन्नडमध्येही बे आहे, पण तो बायकांसाठी. त्यातही आईसाठी, मावशीसाठी, आजीसाठी. “बा बे यव्वा,” म्हणजे ये गं आई. यात उर्मटपणा काडीचा नाही, उलट जवळीक आहे. बापाला किंवा मित्राला बे म्हटलं तर लोक हसतील.

सांगलीत शिकायला होतो तेव्हा खोलीवर एक नागपूरचा जोडीदार होता. मी रोज रात्री आईला फोन करायचो. एकदा फोन ठेवला तर हा माझ्याकडं डोळे फाडून बघतोय. म्हणाला, “तू आईला बे म्हणतो?” मी म्हटलं, “मग काय म्हणू?” तो म्हणाला, “आमच्याकडं आईला बे म्हटलं तर जेवण बंद.” आणि हाच गडी मला दिवसभर बे-बे करायचा, तेव्हा मला वाटायचं हा मला म्हातारी का समजतो. महिनाभर दोघंही मनातल्या मनात एकमेकांवर नाराज. त्या रात्री उलगडा झाला आणि अर्धा तास हसत होतो.

अजून एक. कन्नडमध्ये बेकु म्हणजे पाहिजे, आणि नको म्हणायला बेड, आमच्या बोलीत ब्याडा. बाजारात पाहिजे आणि नको दोन्हीची सुरुवात ब नं. नवीन मराठी दुकानदार पहिले आठ दिवस गोंधळतो, मग तोंडाकडं न बघता मानेकडं बघायला शिकतो.

नवसारीकर · बुधवार, रात्री ८:५०

पंजाबीत याच्या उलट आहे. बायका पुरुषाला ‘वे’ म्हणून हाक मारतात, आणि बाईला हाक असेल तर ‘नी’.

हडपसर_ते_हिडलबर्ग · बुधवार, रात्री ९:१०

माझ्या ऑफिसात एक बल्गेरियन आहे. फोनवर मित्राशी बोलताना प्रत्येक वाक्याला बे लावतो. मला आधी वाटलं नागपूरचा आहे. तुर्कीतही आहे तसा बे. आणि ग्रीक लोक चक्क ‘रे’ म्हणतात! आपल्या रे-सारखाच वापर. पण मूळ वेगळं, ते त्यांच्या ‘मोरे’ या हाकेचं आखूड रूप आहे, आणि त्याच्या मुळाशी ‘मूर्खा’ असा अर्थ आहे.

घाटमाथा · बुधवार, रात्री ९:१४

गावात मोरे आडनावाचे दोन मित्र आहेत. ही बातमी आजच पोचवतो.

जवारी (मिरज) · बुधवार, रात्री १०:०५

दिवाणजी, लेकीसाठी अजून एक देतो. उर्दू मुळाक्षरं अलिफ, बे, पे अशी सुरू होतात. बे दुसरं अक्षर. आणि अक्षरांना आकडे देण्याची जुनी अबजद पद्धत आहे, तिच्यात अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४. म्हणजे मिरजेच्या उर्दू शाळेतही बे म्हणजे दोनच! योगायोग आहे, पण मला फार आवडतो.

आणि बेगम शब्दात बे शोधायला जाऊ नका, तो तुर्की ‘बेग’चा स्त्रीलिंगी अवतार. ‘गम नसलेली ती बेगम’ हा मुशायऱ्यातला विनोद आहे. पण आपली मराठी ‘बेगमी’ मात्र खरंच बे-गम. पावसाळ्याची बेगमी केली, म्हणजे लाकूडफाटा, डाळ-तांदूळ भरून चिंता मिटवली.

तासगावचा दिवाणजी · गुरुवार, दुपारी २:४०

सौद्याच्या गडबडीत होतो, आत्ता सगळं वाचलं. बाईंचा आकड्यांचा खेळ लेकीबरोबर केला. बारा ते ब्याण्णव सगळे ब तिनं शोधले, मग स्वतःच म्हणाली, “बाबा, ‘बाबा’मध्ये पण दोन ब आहेत.” यावर माझ्याकडं उत्तर नाही.

माझ्याकडूनही भर घालतो. मागच्या वर्षी कोलकात्याच्या एका व्यापाऱ्याचा फोन. “बेदाना का क्या भाव?” मी भाव सांगितला. म्हणाला, “एक नग कितने ग्राम का?” म्हटलं, आयला, बेदाण्याच्या एका दाण्याचं वजन कोण विचारतं? मी म्हटलं, एक ग्रामही भरत नाही. तो म्हणाला, मस्करी करता का, मला दोनशे-अडीचशे ग्रामचा पाहिजे. पाच मिनिटं दोघं एकमेकांवर तापलो. शेवटी कळलं, बंगालीत बेदाना म्हणजे डाळिंब! मऊ बियांच्या डाळिंबाला पूर्वी बेदाना म्हणायचे, तेच नाव तिकडं सरसकट चिकटलं. ज्या फळात दाण्यांशिवाय दुसरं काही नाही, त्याचं नाव बिनदाण्याचं. त्याला आटपाडीच्या एका डाळिंबवाल्याचा फोन नंबर देऊन टाकला.

आणि आपलं तरी काय वेगळं? मनुका हा शब्द अरबी ‘मुनक्का’वरून, म्हणजे साफ केलेलं, निवडलेलं. आणि औषधाला काळ्या मनुका आणतो त्यात बिया असतात. दुकानात येणाऱ्या प्रत्येक आजीला मी हे आता सांगणार आहे, शेठ ओरडले तरी.

बेदाण्यात बी अगदीच नसते असंही नाही हो. आमच्याकडं थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका यांचाच बेदाणा जास्त. या जातींत बी धरायला लागते आणि कोवळी असतानाच खुंटते. चिरलेला दाणा उजेडाला धरला तर दोन-तीन पांढुरक्या खुणा दिसतात. लेकीला भिंग दिलं. तिनं एका दाण्यात नेमक्या दोन मोजल्या आणि विजयानं ताटली माझ्यापुढं सरकवली. आता काय बोलणार?

ऊसकरी (वाळवा) · गुरुवार, दुपारी ३:१५

पोरगी लई बेणं हाय 😄 (लाडानं म्हनतोय.)

पर दिवाणजी, बी न्हाई तर बाग वाडती कशी? खुंटावर काडी भरूनच न्हवं? मग ती काडी म्हंजेच तुमचं बेणं. बेदाण्याला बी न्हाई, पर बेणं हाय.

वाईच्या बाई · गुरुवार, दुपारी ४:००

ऊसकरी, हे मला सुचलं नसतं.

संस्कृतप्रेमी · गुरुवार, दुपारी ४:३०

विदाणा मागे घेतो. पण पाढ्यातला बे संस्कृत निघाला याची नोंद असावी.

वऱ्हाडी जावई · गुरुवार, सायंकाळी ५:०५

दिवाणजी, एवढं वाचून तोंडाला पाणी सुटलं. नागपूरला दुकानात मिळतो तो कुठला असतो देव जाणे. तुमच्याकडून पंधरा किलोची पेटी येऊ शकते का? हिरवा, लांब दाणा. पत्ता निरोपात टाकतो. पाठवा बे.

तासगावचा दिवाणजी · गुरुवार, सायंकाळी ५:२०

जावईबापू, गाडी सातला निघते, लवकर कळवा. ‘पाठवा बे’ म्हणजे नुसतं प्रेमानं म्हणताय, की दोन पेट्या चढवू?